यशश्रीची झडती

जेल रोड, नाशिक रोड
९ ऑगस्ट २०२४

ती. वत्सलावन्सं यांस,
श्यामलाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच चुलीत घातलं नसेल, असं धरून लिहिते. फोन करणार होते. पण फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही असं कळलं, आणि ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. शिवाय आमचं घर म्हणजे दोन खोल्या. एकीत शिंकलं की दुसरीत कळतं.

तुमचा दत्तू गेल्यापासून आपण एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही. तुमचे भाऊ करोनात गेले तेव्हा कोणालाच कोणाकडे जाता येत नव्हतं, त्यामुळे आपलं न बोलणं झाकून गेलं. बंदीमुळे नणंदबाई आल्या नाहीत, असं मी लोकांना सांगितलं. लोकांनी ते खरंही मानलं.

मी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. गेटवर बायकांची झडती घ्यायचं काम सुटलं, पण हात अजून शिवशिवतात. भाजीवाल्याने पिशवी दिली तरी तळापर्यंत हात घालून बघते. तो म्हणतो, मावशी, मी तुमच्या नोटा चोरल्या नाहीत हो.

यशश्री पुण्याहून घरी आली आहे. कंपनीने रजा दिली. पित्ताचा त्रास झाला, त्यात अशक्तपणा. डॉक्टर म्हणतात, विश्रांती हवी. काळजी करण्यासारखं काही नाही. पोर वाळली आहे इतकंच. उजेडाने डोकं दुखतं म्हणून खोलीचा पडदा ओढून घेते आणि पडून असते. लहानपणी तुमच्या मळ्यात दिवसभर उन्हात हुंदडणारी हीच का, असं वाटतं.

तुमच्याकडे पाऊस कसा आहे? चाळीतला कांदा टिकला का?

एक विचारायचं होतं. सहज विचारते. दत्तू शेवटी शेवटी झोपायचा का? आणि जेवायला बसला की ताटाकडे बघायचा की भिंतीकडे?

द्यायचं नसेल तर उत्तर देऊ नका. पण द्यायचं असेल तर लवकर द्या.

तुमची
श्यामला


२७ ऑगस्ट २०२४

ती. वत्सलावन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं, तरी रोज दुपारी पोस्टमनची सायकल कुठे थांबते ते गॅलरीतून बघते.

मागच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. पित्त वगैरे काही नाही. जुलैमध्ये पुण्याहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला, काकू, निघा. काय झालं ते फोनवर सांगेना. मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. पोचले तेव्हा यशश्री दवाखान्यात होती, नळ्या लावलेल्या होत्या आणि डोळे उघडे होते. मला बघून म्हणाली, "आई, सॉरी." जसं काही कप फुटला होता तिच्या हातून.

का, ते मला अजून कळलेलं नाही. लग्नाचं काही नाही, मुलाचं काही नाही. नोकरी चांगली होती. मी विचारलं तर म्हणते, "कारण असतं तर सांगितलं असतं ना." इथल्या डॉक्टरीणबाई, मेहविश मॅडम, म्हणाल्या की हा आजार आहे, डिप्रेशन, आणि तिचा जोराचा आहे. हट्ट नाही, आळस नाही, कोणाची नजर नाही. औषध लागू पडायला वेळ लागेल. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा म्हणाल्या, आणि तिला एकटं सोडू नका.

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून बसले आहे. आमच्या घरात आता एकाही आतल्या दाराला कडी नाही. मीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढल्या. समोरच्या अमिनाने विचारलं, काय चाललंय भाभी? मी म्हटलं, रंग द्यायचाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या घराने मला शिकवलं आहे. दत्तूच्या वेळी विहिरीवर पाय घसरला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि मीही प्रेसमध्ये तसंच सांगितलं होतं.

तुम्हाला हसू येईल, पण मी माझ्या पोरीची झडती घेते. रोज. ती अंघोळ करून आली की केस पुसून देते म्हणायचं आणि गाऊनचे खिसे, बाह्यांच्या दुमडी, कंबर बघून घ्यायची. ती झोपली की उशीची खोळ, गादीखाली, पुस्तकांच्या मागे, चपलांच्या आत. गेटवर आमचा एक नियम होता. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही. जिच्याबरोबर डबा खायचा तिच्याच अंगाला हात लावायचा, तिची मान खाली जाऊ नये म्हणून आपण नजर दुसरीकडे ठेवायची. हात आपलं काम करतात. मी घरीही तसंच करते. तिला वाईट वाटू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते.

आणखी एक त्या कामात कळलं होतं. लपवणारी बाई गप्प बसत नाही. ती बोलते. साडीचं कौतुक करते, पोराची शाळा सांगते, हसते. काही नसलेली बाई आपली दमून गप्प उभी असते. यशश्री गप्प आहे, म्हणून मी स्वतःला धीर देते की तिच्याजवळ काही नाही.

वन्सं, दत्तू गेला त्या वर्षीच्या मे महिन्यापासून मी तिला तुमच्याकडे देवळ्याला पाठवली नाही. क्लास आहे, परीक्षा आहे, ऊन फार आहे, अशी कारणं कळवली. खरं कारण तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. मला वाटलं, ते घर तिला लागेल. ती आत्याकडे जायचं म्हणून रडायची आणि मी तिला गप्प करायची. आता ती त्यानंतर कधीही त्या घरात गेलेली नसताना हे माझ्या घरात आलं आहे. आणि विचारायला जगात मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

आधी काय दिसलं होतं तुम्हाला? काही तरी खूण असेलच. ती मला सांगा. मी शोधून काढीन. शोधण्यात मी कमी पडणार नाही.

श्यामला


१४ सप्टेंबर २०२४

ती. वत्सलावन्सं,

कांदे मिळाले. टेम्पोवाल्याने जिन्यात पोतं टाकलं, "देवळ्याच्या आजींनी दिलंय" एवढं म्हणाला आणि गाडी चालू होती म्हणून पळाला.

मी पोतं आत ओढलं आणि चिठ्ठी शोधायला लागले. वरची शिवण उसवली, हात घातला, काही लागेना. मग सगळं पोतं हॉलमध्ये उलटं केलं. कांदे सोफ्याखाली गेले, देव्हाऱ्यापर्यंत गेले. पोतं झटकलं, त्याच्या कडा चाचपल्या. तुम्ही कुठे तरी दोन ओळी घातल्या असतील याची मला खात्री होती. आवाज ऐकून यशश्री बाहेर आली आणि भिंतीला टेकून बघत राहिली.

"काय शोधतेस?"

"आत्याची चिठ्ठी."

"आत्या कशाला चिठ्ठी घालेल? पोतंच पाठवलंय ना तिने."

मग ती खाली बसली. किती तरी दिवसांनी ती आपणहून कुठे बसली. कांदे निवडायला लागली. काजळी आलेले एकीकडे, कोंब फुटलेले एकीकडे, चांगले पोत्यात परत. तुम्ही तिला लहानपणी शिकवलं होतं तसं, देठ अंगठ्याने दाबून बघत. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. पाव पोतं झालं असेल, मग तिचे हात थांबले. म्हणाली, "दमले." आणि उठून आत गेली, पडदा ओढला. उरलेले कांदे मी दोन दिवस तसेच राहू दिले, परत येऊन बसेल म्हणून. ती आली नाही.

खरं सांगू का, मला राग आला. तिचा नाही, तुमचा. इतकं सगळं लिहिलं आणि तुम्ही कांदे पाठवता. मग रात्रीच्या आमटीला तुमचाच कांदा चिरला आणि राग जिरला. आत्या म्हणून काही पाठवावंसं वाटलं, हेच पुष्कळ आहे.

कालची गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. ती अंघोळ करून आली. मी टॉवेल घेऊन पुढे झाले. टॉवेल मी अजून उघडलाही नव्हता, तोवर तिने दोन्ही हात वर केले. गेटवर बायका करायच्या तसे, आडवे, खांद्याच्या रेषेत. तशीच उभी राहिली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. मी काय करायला हवं होतं? मी झडती घेतली, वन्सं. थांबता आलं नाही. थांबले आणि नेमकं आजच काही असलं तर, असं मनात आलं. कॅलेंडरकडे बघत मी खिसे तपासले आणि तिचे केस पुसले.

मेहविश मॅडमना विचारलं, अजून काय करू? त्या वयाने यशश्रीहून थोड्याच मोठ्या असतील. म्हणाल्या, तिच्याशी बोला. मी म्हटलं, बोलते की, रोज विचारते काय खाशील. मग म्हणाल्या, "ते झालंच. पण ज्याची तुम्हाला भीती वाटते, त्याबद्दल बोलता का?" नाव घेतलं की ती गोष्ट दारात येते असं आपण मानतो. सापाला आपण रात्री साप म्हणत नाही.

तुम्ही लिहा. एक ओळ लिहा.

श्यामला


३ ऑक्टोबर २०२४

ती. वत्सलावन्सं,

आज घट बसले. माती आणली, धान्य पेरलं.

यशश्री चार दिवसांपासून बोलते आहे. सोमवारी सकाळी उठले तर ती माझ्या आधी उठलेली, केस विंचरलेले, पडदा सरकवलेला. म्हणाली, "आई, आज मी साबुदाण्याची खिचडी करते." केली. छान झाली होती. मी देवापुढे साखर ठेवली. औषध लागू पडलं, आता सुटलो, असं वाटलं. दिवसभर ती बोलत होती. बाबांच्या गोष्टी काढल्या. देवळ्याची विहीर, दत्तूदादाने तिला पोहायला शिकवलं ते, तुमच्या हातचे मांडे. हसलीसुद्धा. म्हणाली, आई, तू आता नीट जेवत जा, किती वाळलीस.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आणि भांडी घासता घासता माझ्या मनात ते गेटवरचं आलं. लपवणारी बाई गप्प बसत नाही. हात साबणाचे तसेच राहिले.

मी त्या दिवशी घर उलटं केलं. पिठाचा डबा चाळून बघितला. फ्लशची टाकी उघडली. तिच्या लॅपटॉपच्या पिशवीचं अस्तर उसवलं. काही नाही. गोळ्या मी देव्हाऱ्याखालच्या कुलपात ठेवते, किल्ली माझ्या गळ्यात असते. रोज समोर उभं राहून देते. सगळं जिथल्या तिथे. मी चुकत असेन, पोर खरंच बरी होत असेल, आणि मी मेली संशयी, असंही वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे पोलिसाच्या मनात चांदणं.

काल दुपारी अमिना आली. हातात यशश्रीची जांभळी रेशमी ओढणी, गेल्या दिवाळीला घेतलेली, घडीसुद्धा न मोडलेली. यशश्रीने ती अमिनाच्या इन्शाला देऊन टाकली होती. अमिनाने ओढणी माझ्या मांडीवर ठेवली.

"भाभी, पोरगी खूश झाली, पन मला घ्यायला बरं नाय वाटलं. कोन देतं अशी नवी चीज?"

"आवडत नसेल तिला रंग," मी म्हटलं.

"भाभी." ती खाली बसली. "कड्या कोनी रंगासाठी काढत नाय. मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. तुम्ही सांगाल म्हनून थांबले. मी रोज दुपारी घरात असते. तुम्हाला बाहेर जायचं आसंल, झोपायचं आसंल, मला हाक मारा. मी तिच्याजवळ बसंन. कायबी इचारनार नाय."

मी तिच्यासमोर रडले. यांच्या मागे पहिल्यांदाच कोणासमोर रडले असेन.

आणि आज तुमचं उत्तर आलं. वन्सं, तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलंत. उघड्यावर. देवळ्याच्या पोस्टात वाचलं असेल, नाशिक रोडच्या पोस्टात वाचलं असेल, आमच्या पोस्टमनने तर नक्कीच. पण मला राग आला नाही, कारण त्याच्या आधी एक भलतीच गोष्ट झाली. मी घटाला पाणी घालत होते आणि दार यशश्रीने उघडलं. कार्ड तिच्या हातात पडलं. दारातच उभी राहून तिने ते वाचलं. मग आत आली आणि कार्ड माझ्यासमोर पाटावर ठेवलं.

"आत्याचं आलंय."

तुमची सहा ओळींची अहिराणी, खुणेला खून म्हणणारी, मला पाठ झाली आहे. "शामले, खून काय इचारस. खून मालेबी दिखनी व्हती. मी दत्तूले इचारं नही. इचारं तं तो तसं करी, असं भ्याव वाटनं. ना इचारता मरना तो. तू तिले सरळ इचार. पोरी, तुले मरानं वाटस का, असं तोंडवर इचार." आणि खाली, "कांदा सरना का?"

मी मान वर केली. यशश्री तिथेच उभी होती.

म्हणाली, "मग विचार."

मी विचारलं नाही. मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर ती थोडा वेळ थांबली असावी, मग तिच्या चपलांचा आवाज खोलीकडे गेला.

आता अमिना तिच्याजवळ बसली आहे. मी पोस्टाच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. मला फार भीती वाटते, वन्सं. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर मी काय करू? त्या "हो"पुढे मला काही सुचणार नाही. म्हणून मी विचारत नाही. तुम्हीही म्हणूनच विचारलं नसेल.

पत्र टाकते आणि घरी जाते. दाराबाहेर चप्पल काढायच्या आत विचारणार आहे, नाही तर पुन्हा दूध उतू जाईल.

श्यामला


६ ऑक्टोबर २०२४
दवाखान्यातून

ती. वत्सलावन्सं,

आधी हे लिहिते, म्हणजे तुमचा जीव खालीवर होणार नाही. यशश्री आहे. पलीकडे झोपली आहे, श्वास चालू आहे, मी बघते आहे.

त्या दिवशी घरी आले, अमिनाला म्हटलं तू जा. ती गेली. यशश्री खाटेवर बसली होती. मला बघून उठली आणि तिने हात वर केले. मी पोस्टातून आले होते, झडतीची वेळ नव्हती, पण माझ्या चेहऱ्यावर तेच असणार.

मी तिचे हात खाली केले. कॅलेंडर डाव्या बाजूला होतं. तिकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली किती काळं झालं होतं ते मला तेव्हा दिसलं. रोज केस पुसत होते तिचे.

"यशू, तुला मरावंसं वाटतं का?"

शब्द तोंडातून गेले आणि काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, खाली कोणी तरी गाडी धूत होतं.

"हो," ती म्हणाली.

"आत्ताही?"

"हो. चार दिवस मी बोलत होते ना, ते बरं वाटत होतं म्हणून नव्हतं."

मी जमिनीवर बसले, ती खाली वाकली आणि माझ्यासमोर बसली. मी काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "मला भीती वाटते. रोज सकाळी तुझ्या खोलीत येताना दाराशी थांबून आधी देवाचं नाव घेते. चहा प्यायला बोलावते ना तुला, ते चहासाठी नसतं. तू हो म्हणतेस की नाही ते ऐकायला असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला भीती वाटते?" खरंच विचारत होती. "मला वाटलं तू चिडली आहेस. मी ड्यूटी वाढवली तुझी. तू माझ्याकडे बघतच नाहीस, आई. खिसे बघतेस."

मी तिला म्हटलं की तुझी मान खाली जाऊ नये म्हणून बघत नव्हते. ती म्हणाली, "माझी मान वरच होती गं. मी बघत होते, तू कधी बघतेस ते."

मग ती उठली. स्वयंपाकघराच्या दाराआड माझी प्रेसची काळी बॅग असते. रोजची, भाजीला नेते ती. तिने तिच्या आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या घराखाली हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यात काय होतं ते मी तुम्हाला लिहीत नाही. तुम्हाला कळलं.

"इथे तू बघणार नाहीस, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

वन्सं, सगळं घर उसवलं आणि स्वतःची बॅग तपासली नाही. गेटवर शिफ्ट सुटली की आमची झडती दुसरी बाई घ्यायची. स्वतःची कोणी घेत नाही, तो नियमच होता. ती पुरचुंडी किती दिवस माझ्याच खांद्यावर होती. ती घेऊन मी मेहविश मॅडमसमोर बसून आले. मुक्तिधामला जाऊन तिच्यासाठी नवस बोलून आले. तुम्हाला पत्र टाकायला पोस्टात गेले ती तेच ओझं घेऊन. पेन दोनदा खाली ठेवलं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच घेऊन या, काही दिवस इथेच ठेवू. अमिना बुरखा अर्धा घालतच धावत आली, तिने रिक्षा थांबवली. रिक्षात मी आणि अमिना दोन बाजूंना आणि यशश्री मध्ये. उड्डाणपुलावर मी तिचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, दुखतंय." मी सोडला नाही. तिनेही ओढला नाही.

वॉर्डच्या दारात एक बाई असते, नवसाबाई. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशव्या बघते, अंगाला हात लावून बघते. मला म्हणाली, "ताई, हात वर करा." जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं ते. मी हात वर केले. तिची झडती अगदीच कच्ची होती, बाजूचा कप्पा तिने उघडलासुद्धा नाही, मीच उघडून दाखवला. पण हात फिरवताना ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "जेवलात का काही?" मला एकदम रडू आलं. मला वाटायचं, न बघणं म्हणजे मान राखणं.

मॅडम म्हणतात, विचारलंत ते चांगलं केलंत. विचारल्याने कोणाच्या मनात ते पेरलं जात नाही. असेल तर बाहेर येतं. औषध बदललं आहे. बरी होईल का असं विचारलं तर म्हणाल्या, बहुतेक जण होतात, वेळ लागतो, पुन्हा वाईट दिवस येतील, तेव्हाही असंच विचारा. मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं. त्या नुसतं हो म्हणाल्या नाहीत.

तुम्ही ते कार्ड लिहिलं नसतं तर मी आज कुठे बसून काय लिहीत असते, ते मनात येऊ देत नाही. दत्तूची खूण तुम्हाला दिसली होती हे तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत. ते लिहिताना तुम्हाला काय झालं असेल? त्या तेराव्याला मी तुमच्या घरात वावरले, वाढप केलं आणि तुमच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. तेव्हाही मला वाटलं होतं, तुमचा मान राखते आहे.

यशश्री कुशीवर वळली. बघते आणि मग पाकीट चिकटवते.

श्यामला


(पोस्टकार्ड)
२४ नोव्हेंबर २०२४

ती. वत्सलावन्सं,

तुमच्यासारखंच उघडं लिहिते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

यशश्री घरी आहे. कधी कांदा चिरते, कधी दिवसभर पडून असते. मी रोज विचारते. परवा म्हणाली, "आज थोडं वाटतंय." मग दोघी सगळा वेळ एकाच खोलीत बसलो. काल म्हणाली, "आज नाही." मंगळवारच्या गाडीने तुम्ही येताय, तर स्टँडवर तुम्हाला घ्यायला तीच येणार म्हणते. मी तुमच्यासाठी तिच्या खोलीत गादी घालते आहे.

आज सकाळी म्हणाली, "आई, बाथरूमला कडी लाव ना परत. मला दार लावून अंघोळ करायची आहे." मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तिलाच विचारा. विचारलं. "आज नाही," म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग स्क्रू-ड्रायव्हर काढला. एक स्क्रू सापडेना, तो तिने शोधून दिला.

आता ती आत आहे. कडी आतून लावलेली आहे. मी दाराबाहेर पाटावर बसून हे लिहिते आहे. बादलीत पाणी पडतंय. तांब्याचा आवाज येतो आहे. आता येत नाही. हाक मारू नये असं ठरवलं आहे. वन्सं, अजून आवाज नाही. मारतेच हाक. "यशू?"

"आहे गं आई. साबण लावतेय."

आता कडी काढली तिने.